तेलविहिरीचें नैसर्गिक बूच

वापरांतून गेलेली विहीर बुजविणें हें आपल्याकडे कांहीं विशेष कौशल्याचें काम मानीत नाहींत. घरांत नळ आले, वाड्यांतील आडाचें पाणी कोणी भरीनासें झालें, लहान मुलें आंत पडण्याची भीति वाटूं लागली, म्हणजे चार गाड्या माती व पडक्या भिंतीचे दगड आणून आड भरून टाकावयाचा आणि वर फरशी बसवावयाची, इतकेंच तें काम. खालचें पाणी खालीं आपल्या जागीं राहतें. तें वर येण्यासाठीं धडपडत नसतें.

तेलाच्या विहिरीची गोष्ट अगदीं निराळी आहे. तिच्या तळाशीं असलेलें तेल आणि वायु हीं दोन्ही दाबाखालीं असतात, पाण्याहून हलकीं असतात, आणि वाट मिळेल तिकडून वर चढतात. लक्षावधि वर्षें तीं वर आलीं नाहींत याचें कारण त्यांच्या डोक्यावर निसर्गानें एक झांकण बसविलेलें होतें. माणसानें विहीर खणली म्हणजे त्या झांकणास भोंक पाडलें. तेल काढून घेतल्यावरहि खालीं कांहीं शेष उरतेंच, व ओसरलेला दाब काळान्तरानें पुन्हां वाढूं शकतो. तेव्हां पाडलेलें भोंक बुजविण्याची जबाबदारी ज्यानें तें पाडलें त्याच्यावर येते. आणि ती दहा-वीस वर्षांपुरती नसते. नॉर्वे देशांत तेलविहिरींसाठीं जें नियमपुस्तक प्रमाण मानितात, त्यांत कायमची सोडावयाची विहीर ‘शाश्वत’ काळाचा विचार करून बंद करावी असें म्हटलेलें आहे. पूल, धरण किंवा गोदी बांधणाऱ्या इंजिनियरास कोणी असा शब्द घालीत नाहीं. पन्नास वा शंभर वर्षें टिकेल एवढें त्यानें सांगितलें कीं पुरे होतें. तेलविहीर बुजविणाऱ्यास मात्र एकदम शाश्वताशींच गांठ आहे.

हें काम किती मोठें आहे याची कल्पना येण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. इ. स. १८५९ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक यानें खणविलेल्या विहिरीस सुमारें २१ मीटर खोलीवर तेल लागलें. त्यानंतर त्या देशांत विहिरींची जी लाट उसळली तींतून सोडून दिलेल्या विहिरींची संख्या आज ३० लाखांहून अधिक मानली जाते. त्यांतील पुष्कळ विहिरींचा मालक कोण होता हेंहि आतां सांगतां येत नाहीं. जुन्या काळीं विहीर आटली कीं एखादा झाडाचा बुंधा ठोकून, वर दगड-माती लोटून मंडळी पुढच्या गांवीं जात. कित्येकांनीं तेवढेहि श्रम घेतले नाहींत. अशा विहिरींतून मिथेन वायु झिरपतो. तो कोठें पिण्याच्या पाण्यांत शिरतो, कोठें तळघरांत सांचतो, आणि हवेंत मिसळला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायॉक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवितो. अशा बेवारशी विहिरी बंद करण्यासाठीं अमेरिकन काँग्रेसनें २०२१ सालीं ४७० कोटि डॉलर मंजूर केले. ज्यांनीं तेल विकून पैसा केला ते केव्हांच गेले. बिल नातवंडांच्या हातीं आलें.

उत्तर समुद्रांतील विहिरींस निदान मालक आहेत. तेथें एकोफिस्क हें मोठें तेलक्षेत्र १९६९ सालीं सांपडलें, व पुढील दहा वर्षांत ब्रेंट, स्टॅटफ्योर्ड, व्हालहाल अशीं एकामागून एक क्षेत्रें उघडलीं. त्या वेळच्या विहिरी आतां म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्यांचीं तोंडें बंद करण्याचा हंगाम सुरू झाला आहे. ब्रिटनच्या हद्दींतील जुनी तेलसामग्री मोडीत काढण्याच्या एकूण खर्चापैकीं जवळजवळ निम्मा एकट्या विहिरी बुजविण्यास लागतो. प्रचंड मनोरे कापून, जहाजावर लादून किनाऱ्यास आणणें हें काम डोळ्यांस मोठें दिसतें. परंतु समुद्रतळाखालचें जें काम कोणास दिसत नाहीं, त्याचा खर्च त्याच्या बरोबरीनें होतो.

एवढा खर्च कां व्हावा हें समजण्यास तेलविहीर कशी बांधतात तें पाहिलें पाहिजे. दुर्बिणीच्या एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांप्रमाणें हिची रचना असते. प्रथम रुंद भोंक पाडून त्यांत पोलादी नळ उतरवितात. मग त्या नळांतून त्याहून अरुंद भोंक आणखी खालीं नेतात व त्यांत दुसरा, त्याहून लहान नळ सोडतात. असें करीत करीत दोन-तीन हजार मीटर खालीं जातात. प्रत्येक नळ आणि त्याच्या बाहेरचा खडक यांच्यामध्यें बोटभर, कोठें वीतभर रुंदीची पोकळी राहते. नळाच्या तळांतून सीमेंटचा रबडा दाबून तो या पोकळींत बाहेरून वर चढवितात. परंतु तो सबंध उंचीभर चढवीत नाहींत. खालचे कांहीं शें मीटर भरले कीं थांबतात. त्यावरची पोकळी वेधनाच्या वेळच्या चिखलपाण्यानें भरलेली तशीच राहते.

विहीर चालू असतांना यानें कांहीं बिघडत नाहीं. बंद करतांना मात्र हीच पोकळी आडवी येते. नळाच्या आंत सीमेंटचें बूच मारणें सोपें आहे. पण आंत बूच आणि बाहेर मोकळी वाट अशी स्थिति राहिली, तर तें दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखेंच झालें. म्हणून नियम असा कीं, बूच या बाजूच्या खडकापासून त्या बाजूच्या खडकापर्यंत विहिरीची सगळी रुंदी व्यापणारें असावें. बाहेर सीमेंट नसेल तर तेथवर पोहोंचावयाचें कसें? रूढ उपाय म्हणजे त्या जागचा पोलादी नळच किसून काढावयाचा. जमिनीखालीं दीड-दोन हजार मीटरवर, कित्येक मीटर लांबीचा नळ पात्यांनीं खरवडून त्याचा कीस करावयाचा, तो टनावारी कीस चिखलाबरोबर वर आणावयाचा, आणि मग उघड्या पडलेल्या खडकाशीं भिडेल असें सीमेंट ओतावयाचें. हा कीस वाटेंत अडकतो, वरच्या झडपांत शिरून त्या निकामी करतो, पातीं झिजवितो. समुद्रावरील वेधनयंत्राचें एका दिवसाचें भाडें लाखों डॉलर असतें, आणि असें किसण्याचें काम दिवसेंदिवस चालतें.

इतकें करून जें सीमेंट बसवावयाचें त्याचा तरी भरंवसा किती? पोर्टलंड सीमेंटचें पेटंट जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें. म्हणजे या पदार्थाचें एकूण वय दोनशें वर्षें. तें आळतांना किंचित् आकसतें. दाब आणि उष्णता यांच्या चढउतारांनीं त्यास तडे जातात, पोलादापासून तें सुटतें, आणि केंसासारखी फट पडली तरी वायूस तेवढी पुरते. एकदां पडलेला तडा आपण होऊन भरून येत नाहीं. सीमेंट वाईट आहे असें नव्हे. लाखों विहिरींत त्यानें आपलें काम चोख केलें आहे. पण ‘शाश्वत’ या शब्दापुढें उभें राहण्यास लागणारी वंशावळ त्याच्यापाशीं नाहीं.

ती वंशावळ ज्याच्यापाशीं आहे तो पदार्थ विहिरीच्या भोंवतींच, नळापासून बोटभर अंतरावर, उगाच उभा होता. तो म्हणजे शेल. शेल हा चिखलाचा खडक. प्राचीन समुद्रांच्या व सरोवरांच्या तळाशीं बारीक गाळ सांचून, वरच्या थरांच्या भारानें दबून तो बनतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असल्यानें येथील लोकांस हा खडक फारसा परिचयाचा नाहीं; तथापि वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशाच्या खाणींत कोळशाच्या थरांबरोबर तो आढळतो. त्याचे कण इतके सूक्ष्म व इतके दाट बसलेले असतात कीं त्यांतून तेल, वायु वा पाणी जवळजवळ जाऊंच शकत नाहीं. तेलाच्या सांठ्यावरील ज्या झांकणाचा वर उल्लेख आला, तें झांकण बहुधा याच खडकाचें असतें.

तेल खणणाऱ्यांचें आणि शेलचें वैर मात्र जुनें आहे. शेलच्या कांहीं जातींत मृत्तिकेचा अंश पुष्कळ असतो. विशेषतः स्मेक्टाइट नांवाचें जें मृत्तिकाखनिज आहे तें पाणी शोषून फुगतें. असा थर लागला कीं पाडलेलें भोंक हळूहळू आवळूं लागतें, वेधनाचे गज आंत अडकतात, नळ उतरत नाहीं. उत्तर समुद्राखालील कोवळ्या, हिरवट मृत्तिकेचे थर या बाबतींत कुप्रसिद्ध आहेत. ते आवळूं नयेत म्हणून किती प्रकारचे चिखल, किती तेलें आणि क्षार वापरून पाहिलेले आहेत! शंभर वर्षें ज्या खोडीबद्दल या खडकास शिव्या बसल्या, तीच खोडी एके दिवशीं गुण ठरली.

तें घडलें असें. नॉर्वेमधील जुन्या विहिरी बंद करण्यापूर्वीं बाहेरचें सीमेंट कोठवर शाबूत आहे हें पाहण्यासाठीं नळांत ध्वनियंत्र सोडीत. त्याचें तत्त्व कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे. मोकळी घागर टिचकीनें खणखणते. तीच वाळूंत घट्ट पुरून ठेविली तर आवाज बद्द येतो. नळाच्या बाहेर पाणी असेल तर पोलाद खणखणतें, आणि घट्ट कांहीं चिकटलेलें असेल तर आवाज दबतो. आतां कोणत्या विहिरींत किती सीमेंट ओतलें याचा हिशेब कागदोपत्रीं असतो. त्या हिशेबाप्रमाणें जेथवर सीमेंट पोहोंचणेंच शक्य नव्हतें, अशा उंचीवरहि यंत्र सांगूं लागलें कीं नळाला बाहेरून घट्ट कांहीं तरी बिलगलेलें आहे. बरें, तें सरसकट नव्हतें. शेलचा थर असे तेथें आवाज दबलेला, आणि वाळूचा खडक आला कीं पुन्हां खणखणाट. सीमेंटला खडकाची जात कळत नाहीं. तेव्हां बिलगलेली वस्तु म्हणजे स्वतः शेलच असली पाहिजे, हा तर्क क्रमप्राप्त होता.

परंतु तर्क आणि खात्री यांत अंतर आहे, आणि तें अंतर ज्या रीतीनें तोडण्यांत आलें तो या हकीकतीचा खरा मोलाचा भाग होय. स्टॅटऑइलहायड्रो या नॉर्वेजियन कंपनीच्या विल्यम्स, कार्लसन, कॉन्स्टेबल व गुल्डाल या चार इंजिनियरांनीं २००९ सालीं ॲम्स्टरडॅम येथील वेधनविषयक परिषदेंत आपला निबंध सादर केला. खडक नळापर्यंत सरकला कसा, याच्या संभाव्य कारणांची त्यांनीं छाननी केली. तो तुटून ढासळला असेल काय? उष्णतेनें प्रसरण पावला असेल काय? रासायनिक क्रियेनें फुगला असेल काय? या सर्वांचा विचार करून ते ज्या कारणावर स्थिरावले तें म्हणजे मंद सरपण. घन पदार्थहि सतत भाराखालीं, न तुटतां, अत्यंत सावकाश वाहूं शकतो. हिमनदी वाहते ती अशीच. खडकाची घनता पाण्याच्या दुपटीहून थोडी अधिक असते. त्यामुळें दीड हजार मीटर खोलीवर वरच्या खडकांचा भार सुमारें ३०० वातावरणांहून अधिक होतो, आणि पोकळींतील पाणी त्यास जेमतेम निम्म्या दाबानें विरोध करीत असतें. या दोन दाबांच्या तफावतीखालीं मऊ शेल चहूंबाजूंनीं आंत सरकतो, व नळाला गच्च भिडेपर्यंत थांबत नाहीं.

भिडला म्हणजे बंद झालाच असें मात्र त्यांनीं गृहीत धरलें नाहीं. नळास खालच्या बाजूस भोंकें पाडून तेथून बाहेर दाब दिला, आणि तो शेलच्या बाजूनें निसटून वर जातो कीं काय हें पाहिलें. दाब टिकला, तर तें बूच खरें. त्याबरोबर, त्या खोलीचा खडक किती दाबाला फुटतो हेंहि मोजलें. कारण बूच खडकापेक्षां बलवान् असून उपयोग नाहीं, दोन्ही टिकलीं पाहिजेत.

पुढें २०१३ सालीं नॉर्वेच्या नियमपुस्तकाच्या नव्या आवृत्तींत ‘सरपणारा खडक’ या सदराखालीं या नैसर्गिक बुचास रीतसर जागा मिळाली. त्यांतील अटी वाचण्यासारख्या आहेत. खडकाची बिलगलेली लांबी एकंदर निदान ५० मीटर पाहिजे. ती एका यंत्राच्या सांगण्यावरून मानावयाची नाहीं. दोन स्वतंत्र मोजण्या जुळल्या पाहिजेत, आणि त्यांनीं नळाच्या सर्व अंगांनीं पाहिलें पाहिजे, कारण तीन बाजूंनीं आवळून चौथी उघडी राहिली तर सर्व व्यर्थ. दाबाची परीक्षा झाली पाहिजे. एकदां एखाद्या क्षेत्रांतील एक थर या सर्व कसोट्यांस उतरला, कीं तोच अखंड पसरलेला थर असलेल्या शेजारच्या विहिरींत केवळ ध्वनिपरीक्षा पुरे समजतात. आंतल्या बाजूस त्याच खोलीवर सीमेंटचें बूच मारावेंच लागतें. शेल बाहेरची खिडकी लावतो, दार माणसानेंच लावावयाचें आहे.

मग संशोधन दुसऱ्या प्रश्नाकडे वळलें. जेथें शेल अजून आवळला नाहीं, तेथें त्यास घाई करतां येईल काय? ट्रॉन्डहाइम येथील सिंटेफ या संस्थेच्या प्रयोगशाळेंत शेलचे पोकळ तुकडे घेऊन, मध्यें नळी ठेवून, बाहेरून दाब देऊन तो कसा सरकतो हें पाहण्यांत आलें. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठांत एरिक व्हान ओर्ट यांच्या मंडळीनें उत्तर समुद्रांतील शेल घेऊन असेच प्रयोग केले. तापमान वाढविलें कीं सरपण जलद होतें असें आढळलें. पोकळींतील दाब मुद्दाम उतरविणें हा दुसरा मार्ग. आंतून विरोध करणारें पाणीच हलकें केलें कीं बाहेरचा भार अधिक जोरानें ढकलतो. व्हालहाल क्षेत्रांत ही युक्ति प्रत्यक्ष विहिरींवर करून पाहण्यांत आली, आणि जें काम निसर्ग वर्षानुवर्षें घेऊन करतो तें अल्पावधींत घडवून आणतां येतें असें दिसून आलें. येथें ‘घडवून आणतां येतें’ याचा अर्थ खडकास केवळ उसकावितां येतें एवढाच. सरकावयाचें कीं नाहीं हें शेवटीं त्याच्या प्रकृतीवर आहे.

कारण सर्व शेल एका स्वभावाचे नाहींत. ज्यांत गारेचा वा चुन्याचा अंश अधिक, ते ताठ असतात. भार आला तर वाहण्याऐवजीं फुटतात. अमेरिकेंत ज्या शेलांना पाण्याच्या दाबानें फोडून वायु काढतात ते या ताठ जातीचे. त्यांच्याकडून बुचाची अपेक्षा करणें म्हणजे विटेनें गळती भरावयास निघण्यासारखें आहे. मऊ, मृत्तिकाबहुल, तरुण शेल हाच या कामाचा गडी.

मृत्तिकेच्या या गुणावर विसंबणारे तेलवालेच आहेत असें नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें ज्युरा पर्वतांत मॉन तेरी येथें १९९६ पासून एक भूगर्भ-प्रयोगशाळा चालू आहे. सुमारें साडेसतरा कोटि वर्षांपूर्वींच्या मृत्तिकाखडकांत खणलेल्या तिच्या बोगद्यांत, खणतांना पडलेल्या भेगा पाण्याच्या संपर्कानें हळूहळू मिटत जातात असें तेथील प्रयोगांत दिसलें आहे. अणुशक्तीचा घातक कचरा पुरण्यासाठीं त्या देशानें हाच खडक पसंत केला, व २०२२ सालीं त्यासाठीं उत्तरेकडील एक जागाहि सुचविण्यांत आली. सीमेंटचा तडा वाढतो आणि मृत्तिकेची भेग मिटते, या एका फरकांत सारें आलें.

आतां पैशाची बाजू. किसण्याचे दिवस वांचले कीं कंपनीचे पैसे वांचतात, आणि म्हणूनच या शोधाकडे थोड्या संशयानें पाहणें गैर नव्हे. ज्याला काम स्वस्तांत उरकावयाचें आहे त्यानेंच ‘निसर्गानें आपले काम केलें’ असा दाखला द्यावा, हें ऐकावयास फारसें बरें वाटत नाहीं. परंतु नॉर्वेंत या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीच सोशीत असते. तेलाच्या नफ्यावर ७८ टक्के कर आहे, आणि विहीर बुजविण्याचा खर्च त्या नफ्यांतून वजा होतो. म्हणजे शंभर क्रोनर वांचले तर त्यांतील अठ्ठ्याहत्तर लोकांचे वांचतात. त्याच लोकांच्या समुद्रांत शंभर वर्षांनीं वायूचे बुडबुडे येऊं लागले, तर तेव्हां त्या कंपनीचें नांव तरी शिल्लक असेल कीं नाहीं कोण जाणे. दोन स्वतंत्र यंत्रांची साक्ष आणि दाबाची परीक्षा यांवर नियम इतका अडून बसतो, तो यासाठींच. आणि त्यांत सवलत मागणाऱ्यास ती मिळूं नये हेंच योग्य.

मुंबईकरांस हा विषय वाटतो तितका परका नाहीं. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय येथें १९७४ सालीं सागरसम्राट या वेधननौकेस तेल लागलें, व १९७६ पासून तेथून उत्पादन सुरू झालें. तेथील तेल चुनखडीच्या थरांत आहे आणि त्यावर शेलचें आवरण आहे. तेल उपसून झाल्यावर जागा पूर्ववत् करण्यासाठीं कंपन्यांनीं आधींपासून पैसा बाजूस ठेवावा, अशी निधियोजना भारत सरकारनें १९९९ सालीं केली. उत्तर समुद्रांतील शेल सरपतो म्हणून अरबी समुद्रांतीलहि सरपेलच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. प्रत्येक क्षेत्राच्या खडकाची परीक्षा त्या क्षेत्रांतच, पहिल्यापासून, करावी लागते. आणि ती करण्याचा सोयीचा काळ म्हणजे विहिरी चालू असतांनाच, कारण तेव्हां वेधनयंत्र जागेवर असतें, ध्वनियंत्र सोडतां येतें, आणि कोणत्या विहिरींत किती सीमेंट ओतलें हें सांगणारे कागद आणि माणसें दोन्ही सांपडतात.

बूच बसलें, परीक्षा झाली, म्हणजे शेवटीं समुद्रतळाच्या कांहीं मीटर खालीं सारे नळ कापून काढून घेतात. वर गाळ पसरतो, आणि कोळ्यांचीं जाळीं त्यावरून न अडकतां ओढलीं जातात.